आई-बाबांना ऑक्सफर्डजवळच्या नदीकाठच्या गावात न्यायचंय. जुनी चर्च ठीक, पण पबचं काय करू?

मेघना_आर
मे महिन्यात आई-बाबा येतायत. लंडन, बाथ मागच्या खेपेला झालं. या वेळी बाबांनी फोनवर आधीच सांगून ठेवलंय, "राजवाडे पुरे, एखादं खेडं दाखव." ते इतिहासाचे शिक्षक होते. आईचा गुडघा दुखतो, पण सपाटीवर ती तासभर चालते. थेम्सकाठचं डॉर्चेस्टर डोक्यात आहे. एका दिवसात काय काय बघावं? आणि एक अडचण: जेवायला पबशिवाय काही दिसत नाही. आईच्या लेखी पब म्हणजे दारूचा अड्डा. तिला अवघडल्यासारखं होईल का?

नदीकाठची
मेघना, मी त्या भागात अकरा वर्षं राहते, त्यामुळे मोठं उत्तर लिहितेय, सांभाळून घे.

आधी एक सूचना. गाडीत पत्ता टाकताना "डॉर्चेस्टर-ऑन-थेम्स" असंच टाक. नुसतं डॉर्चेस्टर टाकलंस तर डॉर्सेटमध्ये, शंभर मैलांवर पोचशील.

सकाळी थेट तिथल्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये, म्हणजे अ‍ॅबीत जा. तिकीट नाही, दानपेटी आहे. ६३५ मध्ये बिरिनस नावाच्या धर्मप्रचारकानं वेसेक्स या जुन्या इंग्रजी राज्याचा राजा किनेगिल्स याला बाप्तिस्मा दिला, तो या गावात. पुढे ११४० च्या सुमारास इथं ऑगस्टिनियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ झाला. १५३६ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या माणसांनी मठ बंद केला आणि तेव्हा रिचर्ड बोफॉरेस्ट नावाच्या गावातल्याच श्रीमंत माणसानं १४० पौंड मोजून चर्चचा पूर्वेकडचा भाग विकत घेतला, म्हणून तो वाचला. तुझ्या बाबांना ही गोष्ट आवडेल.

आत तीन गोष्टींपाशी थांबा, बाकी भरभर बघितलं तरी चालेल. एक, बाप्तिस्म्याचं कुंड. बाराव्या शतकातलं, अख्खं शिशाचं. मठ मोडले तेव्हा शिसं वितळवून विकायची घाई होती, तरी हे राहिलं. भोवती कमानींखाली अकरा प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, बसलेत. अकराच, येशूला दगा देणारा यहूदा नाही. एवढ्या वर्षांत चेहरे बोथट झालेत, पण झग्यांच्या चुण्या अजून मोजता येतात. दोन, उत्तरेकडची इशायाची खिडकी. बायबलमधल्या दाविद राजाचा बाप इशाय तळाशी आडवा झोपलाय आणि त्याच्या अंगातून दगडाचं झाड वर चढलंय. खिडकीच्या उभ्या दांड्याच त्या झाडाचं खोड आणि फांद्या, आणि त्यांवर कोरलेली माणसं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दगड कुठं संपतो आणि काच कुठं सुरू होते हेच कळेना. तिसरी, जमिनीतली सारा फ्लेचरची शिळा. १७९९ मध्ये, तिशीही न गाठता गेलेली बाई. शिळेवर लिहिलंय की तिच्या मनाचे धागे इतके नाजूक होते की जगाचे धक्के तिला सोसले नाहीत. मी दर वेळी तिथं उभी राहते. आईला वाचून दाखव.

आता पब. खेड्यातला पब म्हणजे गावची ओसरी समज. दुपारी आजी-आजोबा सूप पीत बसलेले असतात, लहान पोरं असतात, टेबलाखाली कुत्रं झोपलेलं असतं. चहा मागितला तर कुणी वळूनही बघत नाही. माझ्या सासूबाई माळकरी, त्या लिंबाचं सरबत घेऊन दोन तास बसल्या आणि निघताना म्हणाल्या, "इथं तर सगळे गप्पाच मारतात गं." अ‍ॅबीसमोरच्या रस्त्यावर जॉर्ज आहे, १४९५ पासूनची सराई. घोडागाड्या आत जायची कमान अजून आहे. पण फोन करून जा. बऱ्याच ठिकाणी दोन-अडीचला स्वयंपाकघर बंद होतं. आम्ही एकदा पाहुण्यांना घेऊन तीन वाजता एका पबात पोचलो आणि वेफर्सच्या पुड्यांवर दुपार काढली. रविवारी तर आरक्षणाशिवाय जाऊच नकोस.

सायकलस्वार_पराग
मी म्हणेन, जवळचं यूएल्म गाव सोडू नका. तिथल्या चर्चमध्ये अ‍ॅलिस द ला पोल हिची कबर आहे, कवी चॉसरची नात, १४७५ मध्ये गेली. वर अलाबास्टर या मऊ पांढऱ्या दगडाची राजेशाही मूर्ती आणि खाली जाळीआड तिचाच सुकलेला देह कोरलाय. त्या देहाच्या डोक्यावरच्या छतावर चित्रं रंगवलीत, ती बघायची तर फरशीवर पालथं पडून मान वर वळवावी लागते. मी पडलो होतो.

नदीकाठची
पराग, कबर अप्रतिम आहे, वादच नाही. पण मेघनाच्या आईला फरशीवर कोण झोपवणार? त्याच दिवशी दोन्ही कोंबू नका, यूएल्मला वेगळा दिवस द्या. घाईत अशी चर्च सारखीच वाटायला लागतात.

मेघना_आर
मनापासून आभार. सासूबाईंचं वाक्य आईला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. "बघू" म्हणाली, म्हणजे तयार आहे! दुपारनंतर काय करू? टेकडीवरचं ते झाड बघायला जाऊ का?

नदीकाठची
कविता कोरलेलं बीचचं झाड २०१२ मध्येच पडलं. जोसेफ टब नावाच्या माणसानं १८४४-४५ मध्ये त्याच्या सालीवर अख्खी कविता कोरली होती. आता तिथं फक्त १९९४ मध्ये बसवलेला दगड आहे. विटनहॅमच्या टेकड्यांवरून नदीचं वळण आणि अ‍ॅबी एका नजरेत दिसते, पण चढ आहे, गुडघ्याला नको. त्यापेक्षा गावातून शेतातल्या पायवाटेनं डेज लॉक या नदीवरच्या बोटींच्या दरवाजांपर्यंत चाला, वाट सपाट आहे. बाकावर बसून बोटींसाठी ते कसे उघडतात ते बघा. आई तिथून उठायचीच नाही.

मग गाडीनं क्लिफ्टन हॅम्पडन गावाला. पलीकडच्या काठाला बार्ली मो, गवताच्या छपराचा पब. १३५२ सालचा म्हणतात. तुळया इतक्या खाली की बाबांना वाकावं लागेल. त्याआधी लाल विटांच्या पुलावर थांबा. १८६७ चा, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्याचा. मुंबईचा राजाबाई टॉवर ज्याचा, तोच हा. पण ते नाव आधी फोडू नकोस. बाबांना कमानी नीट बघू दे, मग सांग.