बुकशेल्फ स्पीकर ऐकून ठरवायचं कसं? केईएफ की हार्बेथ, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नवीन स्पीकर घ्यायचेत आणि शोधता शोधता दोनच नावं उरलीत, केईएफचे एलएस५० मेटा आणि हार्बेथचे पी३ईएसआर. आमच्याकडे ऐकणं बहुतेक सगळं शास्त्रीय गायन, त्यात जुन्या मैफलींची मोनो रेकॉर्डिंग भरपूर. खोली पुण्यातल्या फ्लॅटची असते तशी, १२ बाय १०, छत साडेनऊ फूट, खाली टाइल्स, एका बाजूला सरकती काच.

दोन्ही दुकानात ऐकलेत. केईएफवर गायक इतका नेमका मधोमध बसतो की बोटाने दाखवता येईल, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा) वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्याच्या) मध्यातच आहे म्हणून असेल. हार्बेथवर गळा जास्त खरा वाटला, श्वास, हार्मोनियमचा भाता सगळं. तसं दोघांचं घराणं एकच, बीबीसीने ओबी व्हॅनसाठी (बाहेरच्या कार्यक्रमांच्या प्रक्षेपणाची गाडी) केलेला एलएस३/५ए स्पीकर, त्यात ड्रायव्हर (आवाज काढणारे ट्वीटर-वूफर) केईएफचे होते आणि हार्बेथ १९७७ साली काढली तीही बीबीसीतल्याच इंजिनिअरने.

पण या ऐकण्यावर विश्वास किती ठेवायचा? कंपनीच्या आकड्यांप्रमाणे केईएफची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलवर किती मोठा वाजतो ते) ८५ डीबी, हार्बेथची ८३.५, म्हणजे व्हॉल्यूमला हात न लावता नुसतं स्विच केलं तर केईएफ जरा मोठे वाजणार आणि मोठं वाजतं तेच कानाला जास्त मोकळं, स्वच्छ वाटतं. पुढच्या वेळी पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखर आवाज) लावून मोबाइलवरच्या मीटरने दोन्ही सारखे करून घेणार आहे, एकाच फोनने एकाच जागेवरून मोजलं तर तेवढं पुरतं ना?

दुसरं म्हणजे खोली. १२ फुटांचा पहिला मोड (भिंतींमधल्या अंतरामुळे खोली ज्या स्वराला घुमते तो) साधारण ४७ हर्ट्झला येतो, दुसरा ९४ ला, १० फुटांचा ५६ आणि छताचा ५९, म्हणजे हे शेवटचे दोन जवळजवळ एकमेकांवरच. आत्ताच्या स्पीकरवर डग्गा मध्येच नुसता घुमतो, बोल कळत नाहीत, सोफा भिंतीला चिकटून आहे त्यामुळे तर जास्तच. सोफा दोन फूट पुढे घेता येईल, त्याहून जास्त नाही. स्पीकरही मागच्या भिंतीपासून फार तर दीड फुटावर राहतील. केईएफला पोर्ट (बाससाठी पेटीला ठेवलेलं भोक) मागे, हार्बेथ पूर्ण बंद पेटी, मग अशा खोलीत बंद पेटीच बरी का? की पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून भागतं? कोणी करून बघितलं असेल तर जरूर लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाबा काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा) गातात, तानपुरा रोज सकाळी याच खोलीत लागतो. खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची, हे स्पीकर त्याआधीच उतरायला लागतात (केईएफ ७९ हर्ट्झपासून, हार्बेथ ७५ पासून), पण तानपुऱ्याचा भरणा वरच्या स्वरांत असतो त्यामुळे ते चालून जाईल असं मला वाटतं. जवारी (घोडीवरून तारेला येणारी ती झणझणीत गुंजन) खोटी वाजली तर मात्र या घरात कोणालाच सहन होणार नाही. म्हणून आपलाच तानपुरा रेकॉर्ड करून दुकानात त्यावर दोन्ही पारखायचे असं डोक्यात आहे. माइक किती जवळ ठेवू? लांब ठेवला तर आमच्या खोलीचा घुमारा रेकॉर्डिंगमध्येच येणार आणि घरी वाजवताना तो परत वर चढणार, अगदी जवळ ठेवला तर जवारी नको तेवढी टोकदार येईल अशी भीती वाटते.

दुकानदार घरी डेमोला एकच जोडी द्यायला तयार आहे. कोणती मागू?