मदत हवी आहे: शेवटच्या ओळीवर हसणाऱ्यांना काय सांगू?

रविवारी वाचनकट्ट्यावर विल्यम होप हॉजसनच्या ‘द हाउस ऑन द बॉर्डरलँड’वर (१९०८) मला बोलायचंय. आयर्लंडमधल्या पडक्या घराच्या ढिगाऱ्यात सापडलेली म्हाताऱ्याची वही, तीच कादंबरी. शेवटी दाराची मूठ कुणीतरी चाचपतं, दार हळूहळू उघडतं आणि शब्द अर्ध्यातच तुटतो. मला घाम फुटला. निम्मे जण मात्र हसतायत, ‘भूत दारात आलं तरी हा आपला लिहितोच आहे!’ काळ सुसाट पळतो तो मधला भाग तर काहींनी चक्क गाळला.

मला टोचलं ते म्हाताऱ्याच्या बहिणीचं वागणं. ती भावालाच घाबरते, आणि तो तिला खोलीत कोंडतो. मग घरावर चालून येणारे ते डुकरतोंडे प्राणी तिला दिसतात तरी का, की सगळं याच्याच डोक्यात? वाचलेल्यांनी प्रसंगासकट सांगा ना.