मदत हवी आहे: कौटुंबिक ट्रस्टकडे छोट्या अनुदानासाठी अर्ज कसा करावा?

नमस्कार. वाळवा तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आमची नोंदणीकृत संस्था गळीत हंगामात संध्याकाळचा वर्ग चालवते. मुले कोपीसमोर (कामगारांच्या झोपडीसमोर) पोत्यावर बसून, एकाच सौरदिव्याभोवती दाटीवाटीने पाटी गिरवतात. दिवे, पाट्या आणि शिक्षिकेचे मानधन यांसाठी ६०,००० रुपये हवे असल्याने सांगलीतील एका कौटुंबिक ट्रस्टकडे अर्ज करण्याचा विचार आहे. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) प्रमाणपत्रे आणि ३ वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल तयार आहेत. सीएसआर-१ नोंदणी मात्र नाही, पण ती कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक दायित्वाच्या निधीसाठी लागते, ट्रस्टच्या स्वतःच्या देणगीसाठी नाही, हा मोठाच दिलासा. मानधनाचा खर्च अंदाजपत्रकात स्पष्ट दाखवावा का, की देणगीदार वस्तूंनाच प्राधान्य देतात? आधी विश्वस्तांना भेटावे की थेट अर्ज द्यावा? मंजूर झालेल्या अर्जाचा नमुना कोणी दाखवल्यास फार उपकार होतील.