मदत हवी आहे : रात्री लाईट जाते, दम्याच्या सासूबाईंना ऊब कशी द्यायची?

आम्ही यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. सध्या असा गारठा आहे की केळी वाचवायला लोक रात्री बागांत शेकोट्या पेटवताहेत. त्यात लाईट गेली की दोन-तीन तास येत नाही. सासूबाईंचं वय 75च्या पुढे, त्यात दमा. पहाटे त्यांची बोटं गारठून वळत नाहीत, छातीत घरघर सुरू होते.

शेजारच्या काकू म्हणतात, खोलीत कोळशाची शेगडी ठेव. पण बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच दगावतो. ते मी मुळीच करणार नाही.

घरी इन्व्हर्टर आहे, 150 एएचची बॅटरी. खोलीचा हीटर त्यावर चालणार नाही हे कळतं, पण दम्याचं औषध वाफेसारखं करून देणारं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, चालेल ना? कोणी चालवता का? गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून गोधडीत ठेवते, तीही पहाटेआधी निवते. जास्त वेळ ऊब टिकेल असं काही आहे का? आणि वर पत्रे आहेत, त्यांना आतून काय लावलं तर गारवा कमी होईल? घरात म्हातारं माणूस असलेल्यांनी कृपया लवकर सांगा.