हाताने शिवलेली गोधडी रोज वापरावी की जपून ठेवावी?

सुईदोरा:
'रोज अंगावर घेतलीस तर दोन वर्षांत चिंध्या होतील, कपाटात ठेव,' असं मोठ्या बहिणीने मला बजावलं होतं. तीच गोधडी ११ वर्षं रोज वापरतेय. धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर आहेत, म्हणून आतला थर सरकत नाही. दर वीतभर उलटा टाका घेतलाय. दोरा तुटला तरी तेवढंच उसवतं. गोधडी वापरायलाच असते. तुम्हाला काय वाटतं?

निळीशाई:
नाही पटलं. माझी चौथ्याच वर्षी गेली. टाके सगळे शाबूत, पण कापड टाक्यांच्या रेषेवरच चिरत गेलं. विरलेल्या सुती कापडावर नायलॉनचा दोरा घातला होता. दोरा कापडापेक्षा चिवट असला की ताण पडल्यावर कापडच कापलं जातं. कित्येक महिन्यांची मेहनत होती हो ती. रोजच्याला मशिनची रजईच बरी.

सुईदोरा:
दोऱ्याचं शंभर टक्के मान्य, सुतीला सुतीच दोरा हवा. पण मग चूक दोऱ्याची झाली, वापराची नाही. कपाटात तरी कुठे धड राहते? वर्षानुवर्षं एकच घडी राहिली की नेमके तिथलेच धागे मोडतात.

कोवळंऊन:
माझ्या मते गोधडी धुण्याने जाते. सुती धागा ओला झाल्यावर उलट मजबूत होतो, घात करतं ते वजन. भिजलेली गोधडी एका टोकाला धरून उचलली आणि टाके तटातट तुटलेले मी स्वतः ऐकलेत. दोघांनी धरून सावलीत आडवी पसरायची. घरात तान्हं बाळ असेल तर हे रोज कोण करणार? म्हणून मी निळीशाईंच्या बाजूने.

सुईदोरा:
बाळासाठी वरून खोळ घाला, ती धुवा. बाकी आधी झिजतो हनुवटीकडचा काठ. तिथे तिरप्या पट्टीचा, म्हणजे कापड तिरकं कापून काढलेल्या पट्टीचा, गोट लावा. सरळ पट्टीत घडीवरचे एकदोन धागेच सगळी झीज सोसतात, तिरप्यात ती वाटली जाते. माझा गोट दोनदा बदललाय.

निळीशाई:
म्हणजे टिकली ती तुमच्या दुरुस्तीमुळे! दरवर्षी सुई घेऊन बसणं सगळ्यांना नाही जमत.

सुईदोरा:
दुरुस्त करता येते, यालाच मी टिकणं म्हणते. रजईतला पॉलिस्टरचा थर गोळा झाला की तो सारखा करणं फार अवघड. तुमची टाकली नसेल तर चिरलेल्या रेषेवर रुंद पट्टी ठेवा आणि बाजूच्या धड कापडात टाके घ्या.

निळीशाई:
आहे अजून, धुऊन ठेवलीय. पट्टी लावून बघते. रोज मात्र नाही वापरणार.