फॉरमॅट मारला तर डी ड्राइव्हला धक्का लागेल का?

टॉवेलवाला:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ऑफिसात एकच कॉम्प्युटर: आय-५ चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क (तिचेच सी आणि डी असे दोन भाग), विंडोज १०. सकाळी बटण दाबून लूमकडं चक्कर मारून येतो, तरी डेस्कटॉप आलेला नसतो. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडली की नुसतं गोल फिरत बसतं. ओळखीचा पोरगा म्हणतो, "फॉरमॅट मारू अण्णा, सी पुसून विंडोज नव्यानं टाकू, डीला काय होत नाही." खरंय का? सगळा हिशोब त्यातच आहे.

बिनधास्त_सोलापूरकर:
खरंय. फक्त सी उडवायचा. तासाभराचं काम, एवढं काय घाबरताय.

पेठेतला_मेकॅनिक:
अण्णा, हिशोब डीवर आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी? टॅलीप्राइम टाकताना फोल्डर बदलला नसेल तर डेटा सीवरच असतो, यूजर्स-पब्लिकच्या आत. कंपनी निवडायच्या स्क्रीनवर पाथ दिसतो, तो आधी वाचा. डेस्कटॉपवरच्या एक्सेल फायली, डाउनलोड्समधली जीएसटीची बिलं, हेही सीवरच.

त्यात विंडोज टाकताना सी-डी अशी अक्षरं दिसतच नाहीत. 'ड्राइव्ह ० पार्टिशन १, २, ३' अशा ओळी येतात, शेजारी साइज. पोरं फोनवर बोलत बोलत डिलीट दाबतात.

आणि मुळात फॉरमॅट कशाला? क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर'च्या (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागांच्या) ओळीला पिवळा ठिपका असेल तर डिस्कच जायला लागलीय. तिच्यावर नवं विंडोज टाकून पैसे फुकट. कॅबिनेटही उघडा. कारखान्यातली मशीन माझ्याकडं येतात तेव्हा प्रोसेसरच्या फॅनवर सुताचा नमदा झालेला असतो. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला की असलं मशीन तापून आपोआप मंदावतं, त्याला विंडोज काय करणार!

माझं ऐकाल तर २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या, म्हणजे जुन्या डिस्कसारख्याच केबलला लागणारी, पण जास्त वेगवान डिस्क. जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, मगच एसएसडीवर विंडोज टाका. म्हणजे चुकून पुसायला जुनी डिस्क समोर दिसणारच नाही. विंडोज चालू झालं की ती जोडून डेटा ओढून घ्या. विंडोज अस्सल असेल तर लायसन्स मदरबोर्डला चिकटलेलं असतं. की (लायसन्सचा नंबर) विचारली तर 'माझ्याकडे की नाही'वर क्लिक करा आणि पूर्वीचंच एडिशन निवडा.

विंडोज ११ चा नाद सोडा. त्याला इंटेलची किमान आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. रूफस नावाच्या सॉफ्टवेअरनं ती अट टाळता येते, पण हिशोबाच्या मशीनवर मी तसं करत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हे मात्र ध्यानात असू द्या, पुढं मशीन बदलावंच लागेल.

डीटीपीवाली_ताई:
जुनी मराठी पत्रं श्रीलिपीत (जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये) असतील तर ते फॉन्टही काढून ठेवा दादा, नाहीतर उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतील. डिजिटल सहीच्या टोकनचा (यूएसबीला लावतात त्या) ड्रायव्हरही परत टाकावा लागतो.

टॉवेलवाला:
पाथ बघितला, सीवरच आहे! पिवळा ठिपकाही आहे. बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला. पोराला म्हटलं, येताना एसएसडी घेऊनच ये. टॅलीचं लायसन्स सरेंडर, म्हणजे जुन्या विंडोजवरून सोडवायचं काम, कधी करायचं?

पेठेतला_मेकॅनिक:
आत्ताच, जुनं विंडोज चालू आहे तोवर, नेट जोडून. आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, मगच केबल काढा.