लपवू नका, शेजाऱ्याला सांगा

इथं एकानं लिहिलंय की आपला डुकरांचा फार्म आपण सांभाळायचा, शेजाऱ्याचं त्यानं पाहावं. नाही भाऊ, आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या विषाणूजन्य रोगामधे असं चालतच नाही. औषध नाही, आणि एका फार्मवर निघाला की 1 किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतात, तुमची ठणठणीत असली तरी. आपल्या नागपूरकडे हॉटेलचं खरकटं आणणारी गाडी तीच, व्यापारी तोच, चार फार्म फिरतो अन् टायरला, बुटाला विषाणू घेऊन येतो. म्हणून आजूबाजूच्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करा, ताप, मर दिसली की त्याच दिवशी ग्रुपवर आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, गाडी गेटाबाहेरच थांबवा, खरकटं नीट उकळल्याशिवाय देऊच नका. आणि भरपाई सरकारनं मारलेल्या जनावरांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, मग उशीर करून काय फायदा?